पावसाळ्यांतलीं घरगुती सुखें

मृग नक्षत्र लागलें, दोनतीन सरी येऊन गेल्या, माळ्यावरच्या छत्र्या खालीं उतरल्या, म्हणजे शहरांतल्या पांढरपेशा घरांत एक ठराविक तक्रार सुरू होते. कपडे वाळत नाहींत, भिंतींना ओल येते, आगगाड्या उशिरा धांवतात, मुलांना खेळावयास जागा उरत नाहीं, आणि रविवारीं कोठें जावें म्हटलें तर आभाळ फाटलेलें. तक्रार खोटी नाहीं. ज्यांच्या घराचें छप्पर गळतें किंवा ज्यांच्या वस्तींत कमरेइतकें पाणी शिरतें, त्यांच्यापुढें पावसाच्या शोभेचें कौतुक करणें हा शुद्ध निर्दयपणा होईल. परंतु ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर आहे, अशा घरांतहि पावसाळा केवळ सोसावयाचा ऋतु होऊन बसतो, याचा दोष पावसाकडे जात नाहीं. थांबावें कसें, हेंच शहरांतला मनुष्य विसरला आहे. आणि पावसाळ्याचीं बहुतेक सुखें थांबण्याचीं सुखें आहेत.

जुन्या लोकांनीं ही गोष्ट ओळखून वर्षाची मांडणीच तशी केली होती. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ तो चातुर्मास. या काळांत संन्याशानें गांवोगांव न हिंडतां एका ठिकाणीं राहावें असा दंडक असे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास हेहि याच जातीचे नेम. नद्यांना पूर आलेले, वाटा चिखलानें भरलेल्या, आणि नुकत्याच उगवलेल्या अंकुरांची व बारीकसारीक जीवांची पायदळीं हानि होण्याची भीति. कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. कोकणांत वैशाख संपण्यापूर्वींच आगोटीची बेगमी होई: तांदूळ, मीठ, मिरच्या, पापड, सुके मासे आणि चुलीचें सरपण. शेतकऱ्याला मात्र हाच कष्टाचा काळ. तो थांबत नाहीं, आणि त्याच्या कष्टावरच इतरांचें थांबणें अवलंबून असतें, हें विसरून चालणार नाहीं. शहरवासीयाचें तसें नाहीं. त्याच्या सोयींनीं पावसाळा व उन्हाळा एक करून टाकले. त्यामुळें पाऊस आला कीं त्याला तो पाहुणा न वाटतां अडथळा वाटतो.

पाहुण्याची पहिली ओळख नाकाला पटते. तापलेल्या मातीवर पहिली सर पडतांच जो वास सुटतो, त्यानें आबालवृद्ध खिडकीशीं येतात. हा वास येतो कोठून? इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियांतील दोन शास्त्रज्ञांनीं त्याचा शोध घेतला आणि १९६४ सालीं त्याला ‘पेट्रिकोर’ हें नांव दिलें. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून निघणारे तेलकट पदार्थ माती आणि दगड शोषून ठेवतात. शिवाय मातींतले कांहीं सूक्ष्म जंतु ‘जिओस्मिन’ नांवाचें द्रव्य तयार करतात; त्याचा अगदीं अल्प अंशहि मनुष्याच्या नाकाला कळतो. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आदळला कीं त्याच्याखालीं हवेचे बुडबुडे कोंडले जातात, ते वर येऊन फुटतात, आणि त्यांच्याबरोबर वासाचे कण हवेंत उडतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनीं २०१५ सालीं अतिशीघ्र छायाचित्रणानें हा प्रकार टिपून दाखविला. हलक्या व मध्यम सरींत तो अधिक घडतो, मुसळधार पावसांत कमी. उत्तर प्रदेशांतील कनौजचे अत्तरवाले शास्त्राची वाट न पाहतां पूर्वींपासून भाजलेल्या मातीचा हा वास चंदनाच्या तेलांत धरून त्याचें अत्तर करीत आले आहेत. एवढी हकीकत आईनें किंवा आजोबांनीं खिडकीशीं उभें राहून सांगितली, तर पहिल्या पावसाची ती पांच मिनिटें मुलांच्या आयुष्यभर लक्षांत राहतात.

दुसरें सुख मोजण्याचें आहे, आणि त्याची गोडी मुलांना फार लवकर लागते. सपाट बुडाची व सरळ उभ्या बाजूंची एक बरणी गच्चीच्या मोकळ्या भागांत, भिंतीपासून व झाडापासून दूर ठेवावी. रोज सकाळीं साडेआठ वाजतां आंतल्या पाण्याची उंची पट्टीनें मोजावी, वहींत लिहावी आणि बरणी रिकामी करावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवसहि याच वेळेस संपतो. एवढें केलें कीं वर्तमानपत्रांतला ‘मिलिमीटर’ हा निर्जीव शब्द बोलूं लागतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथें ५,००० लिटर पाणी आभाळांतून फुकट उतरलें. हा हिशेब दहा वर्षांचें मूल करूं शकतें. आणि ज्यानें तो स्वतः केला, त्याला उघडा टाकलेला नळ पुढें डोळ्यांत खुपूं लागतो.

अशी वही दोन नातेवाईकांच्या घरीं ठेवली तर मौज दुप्पट होते. मुंबईची मावशी आणि पुण्याचे मामा आपापले आंकडे एकमेकांस कळवूं लागले, म्हणजे भूगोलाचा एक धडा घरबसल्या उलगडतो. मुंबईंत वर्षाकांठीं सुमारें २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरास साडेपांच हजारांच्या आसपास, आणि पुण्यास साडेसातशेंच्या आगेंमागें. समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, चढतां चढतां थंड होतो, त्यांतल्या वाफेचें पाणी होतें आणि तें घाटमाथ्यावर कोसळतें. पलीकडे उतरणारा वारा बराच रिता झालेला असतो. एका शहरांतहि फरक केवढा पडावा? २६ जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसांत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईच्या कुलाब्याला अवघा ७३ च्या घरांत. ज्यानें बरणी मोजली आहे त्यालाच या आंकड्याचा धाक कळतो.

या खेळांत वडील मंडळींनाहि स्थान आहे. सूर्य एका नक्षत्रांत सुमारें साडेतेरा दिवस असतो. त्यावरून मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य अशीं पावसाचीं नक्षत्रें मोजण्याची रीत महाराष्ट्रांत रूढ झाली. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा तो ‘म्हातारा’. पंचांगांत प्रत्येक नक्षत्राला बेडूक, मोर, उंदीर, हत्ती असें एखादें वाहन दिलेलें असतें, आणि वाहनावरून पावसाचा अंदाज सांगतात. आजीनें वाहन सांगावें, नातवानें बरणीचा आंकडा सांगावा, आणि नक्षत्र पालटतांना कोणाचें खरें ठरलें तें दोघांनीं मिळून पाहावें. कोणीहि हरलें तरी घराचें नुकसान होत नाहीं. आजीचें व नातवाचें बोलणें मात्र तेरा दिवस चालूं राहतें.

मेघगर्जनेच्या रात्रीं लहान मुलें भितात. त्या वेळीं त्यांना नुसतें ‘भिऊं नको’ म्हणून भागत नाहीं. भीतीला कांहीं काम द्यावें लागतें. वीज चमकली कीं मोठ्यानें आंकडे मोजावयास सांगावें. प्रकाश तत्क्षणीं पोंचतो, आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणून दर तीन आंकड्यांस एक किलोमीटर असा हिशेब बसतो. बारा मोजल्यावर गडगडाट झाला तर वीज चार किलोमीटरांवर. पुढच्या वेळीं पंधरा आले तर ढग दूर चालला. पांघरुणाखालून मोजणारा बारीक आवाज हळूहळू धीट होतो. मात्र तीसच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर गच्ची, मैदान आणि झाडाचा आडोसा सोडून घरांत यावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये, हाहि नियम त्याच वेळीं शिकवावा.

आतां स्वयंपाकघराकडे वळलें पाहिजे, कारण पावसाळ्याचें सुख म्हटल्याबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कांद्याचीं भजीं, आल्याचा किंवा गवती चहाचा उकळता चहा आणि निखाऱ्यावर भाजून मीठ, तिखट, लिंबू चोळलेलें मक्याचें कणीस हींच उभीं राहतात. त्यांचें वर्णन करण्याची गरज नाहीं. पण या ऋतूंत भजांहून दुर्मिळ असें कांहीं बाजारांत येतें, त्याकडे शहरांतल्या घरांचें लक्ष कमी जातें. ठाणें, पालघर, रायगड या भागांतल्या आदिवासी स्त्रिया डोंगरांतून खुडलेल्या रानभाज्या टोपल्यांतून आणतात: शेवळें, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. यांतल्या कित्येक वर्षांतून थोडेच दिवस मिळतात. शेवळांत, तसेंच घरोघरच्या अळवांतहि, कॅल्शियम ऑक्झलेट या द्रव्याचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून नीट न शिजविल्यास घसा खाजतो. अळवांत चिंच आणि शेवळांत काकडाचीं आंबट फळें घालण्याची रीत यासाठींच पडली. कोणती भाजी कशी निवडावी, कोणतें पान कोंवळें, कोणतें टाकावें, हें त्या टोपलीवाल्या बाईंस विचारावें. त्यांच्याइतकें तें कोणी जाणत नाहीं. अनोळखी पाला मात्र स्वतः खुडून आणूं नये.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाहेर सर कोसळत आहे, दिवाणखान्यांत मंडळी गप्पा मारीत बसली आहेत, आणि आंत कढईपुढें घरची गृहिणी एकटी घाण्यामागून घाणा काढीत आहे, हें चित्र पुष्कळ घरांतलें आहे. चार महिने ओले कपडे घरभर दोऱ्यांवर फिरवणें, डब्यांतलें धान्य ओल व किडीपासून जपणें, चिखलाच्या पावलांमागें फडकें घेऊन हिंडणें, हें सारें तिच्याच वांट्याला येतें. ज्या सुखाची किंमत एकीनें द्यावयाची आणि चव बाकीच्यांनीं घ्यावयाची, त्याला कुटुंबाचें सुख म्हणतां येत नाहीं. कांदा मुलानें चिरावा, पीठ मुलीनें भिजवावें, कढई वडिलांनीं सांभाळावी आणि पहिली गरम ताटली जिनें रोज शेवटीं खाल्ली तिच्यापुढें ठेवावी. भजीं कदाचित् वांकडीं होतील. परंतु बाहेरच्या पावसाकडे पाहावयास त्या घरांत आणखी दोन डोळे मोकळे होतील.

श्रावणी सोमवारीं सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी हेंच शिकवते. राजाच्या मनांत आलें कीं महादेवाचा गाभारा दुधानें भरावा. त्यानें दवंडी पिटली. भिऊन लोकांनीं घरांतलें सारें दूध, मुलांबाळांना व वासरांना न देतां, देवळांत नेऊन ओतलें. गाभारा भरेना. दुपारीं एक म्हातारी आली. तिनें लेंकीसुनांना, नातवंडांना, गाईवासरांना अगोदर तृप्त केलें होतें, आणि उरलेलें खुलभर दूध ती घेऊन आली होती. तेवढ्यानें गाभारा भरला. घरांतलीं तोंडें कोरडीं ठेवून केलेला सोहळा अपुरा राहतो, आणि सर्वांना तृप्त करून उरलेलें थोडकेंहि पुरून उरतें, हें या साध्या कहाणींत जसें उतरलें आहे तसें मोठ्या व्याख्यानांतहि सांपडणार नाहीं.

कहाणीला योग्य वेळ कोणती? पावसाळ्यांत वीज जाते ती. एरवीं घरांतलीं पांच माणसें पांच मोबाईलांपुढें बसलेलीं असतात. दिवे गेले कीं एका मेणबत्तीभोंवतीं गोळा होतात. ती वेळ ‘वीज केव्हां येणार?’ या प्रश्नांत न घालवितां गाण्यांच्या भेंड्या, कोडीं, सागरगोटे, पत्ते यांना द्यावी. आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरांतले समई-निरांजन घांसून, उजळून त्यांची पूजा करण्याची चाल आहे. त्या संध्याकाळीं तासभर विजेचे दिवे आपण होऊन मालवले, तर जुन्या समईचा उजेड केवढा पुरतो तें मुलांना दिसेल. पुढें श्रावणांत मंगळागौरीच्या जागरणांत झिम्मा-फुगडी येते, आणि भाद्रपदांत गणपतीसाठीं एकवीस प्रकारची पत्री शोधतांना वनस्पतिशास्त्राचा आरंभ होतो. दूर्वा, आघाडा, माका, डोरली हीं नांवें पुस्तकांतून पाठ होत नाहींत. पान हातांत घेतल्यावर होतात.

घराबाहेरच्या सुखांतहि हाच नियम लागू पडतो. सहल म्हणजे दूरचें ठिकाण, हें समीकरण प्रथम मोडलें पाहिजे. उघडीप पडतांच जवळच्या टेकडीवर किंवा बागेंत तासभर गेलें तरी गोगलगायी, शेवाळ, कोळ्याच्या जाळ्यावर अडकलेले थेंब, मखमली लाल मृगकिडा आणि ‘पेर्ते व्हा’ असें ओरडणारा पावश्या भेटतात. गुडघ्याएवढ्या मुलाला हें जग मोठ्यांच्या आधीं दिसतें. मोठ्यांनीं फक्त त्याच्या चालीनें चालावें.

दूर जावयाचें झालें तर आगगाडीची खिडकी ही पावसाळ्यांतली उत्तम जागा. बोरघाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारें साडेपांचशें मीटर वर चढते; बहुतेक गाड्यांना त्यासाठीं मागून जादा एंजिनें लावतात. बोगद्याचा अंधार, लगेच शुभ्र धबधबा, पुन्हां अंधार, पुन्हां दरींतलें धुकें, अशी ही करमणूक अंग कोरडें ठेवून व डबा मांडीवर घेऊन उपभोगतां येते. मे अखेरीस व जूनच्या आरंभीं सह्याद्रींत काजव्यांनीं झाडें लखलखतात. काजव्याचा उजेड हा नर-मादींचा एकमेकांस दिलेला संकेत होय. पाहणाऱ्यांनीं मोटारींचे व विजेऱ्यांचे झोत टाकले तर तो संकेत बुडतो. तेथेंहि दिवा मालवून, आवाज न करतां थांबणाऱ्यालाच पुरतें दिसतें.

धबधब्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० जून २०२४ रोजीं, रविवारीं, लोणावळ्यास भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धबधब्यांत सहलीस आलेल्या एका कुटुंबांतलीं पांच माणसें वाहून गेलीं; एक स्त्री आणि चार मुलें. तीं प्रवाहांत उतरलीं तेव्हां पाणी थोडें होतें. बघतां बघतां तें वाढलें आणि परतीची वाट राहिली नाहीं. असें कां होतें, हें प्रत्येक घरानें सहलीपूर्वीं समजून घेतलें पाहिजे. सह्याद्रीचा काळा खडक पाणी फारसें पीत नाहीं, उतार तीव्र असतो, आणि पाऊस वरच्या पठारावर पडत असतो. खालीं ऊन असलें तरी वरच्या सरीचें पाणी थोड्याच मिनिटांत खालीं पोंचतें. नितळ पाणी एकाएकीं गढूळ होणें, काटक्या-पाला वाहून येणें, आवाज वाढणें, हीं त्याचीं चिन्हें. अशा वेळीं सामान गोळा करीत न बसतां तत्काळ कांठावर उंच जागीं जावें. वेगाचें पाणी गुडघ्याएवढें असलें तरी प्रौढ माणसाचा पाय उचलतें, आणि शेवाळलेल्या दगडावर आधार मिळत नाहीं. म्हणून धबधबा लांबून पाहावा, मुलांना प्रवाहांत उतरवूं नये, आणि छायाचित्रासाठीं कड्याकडे पाठ करून उभें राहूं नये. ज्याला कांठावर बसून अर्धा तास पाण्याकडे पाहतां येतें, त्याला त्यांत उडी घेण्याची निकड वाटत नाहीं.

आश्विनांत सूर्य हस्त नक्षत्रांत आला कीं पावसाची परतवणी सुरू होते. मग अंगणांत किंवा गच्चीवर पाटावर हत्ती मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात. गाणीं संपलीं कीं झांकलेला डबा पुढें येतो आणि प्रश्न येतो: खिरापत कसली? डबा हलवून, वास घेऊन, आवाज ऐकून प्रत्येकजण तर्क करतो. गोड कीं तिखट, ओली कीं कोरडी. आंत असते मूठभर डाळ किंवा चार वड्या. दुकानांतून आणून नुसत्या वांटल्या असत्या तर कोणाच्या ध्यानांतहि राहिल्या नसत्या. क्षणभर सगळीं डोकीं एका डब्यावर वांकलीं, म्हणून त्या वड्यांना चव आली. चार महिन्यांच्या पावसानें घराला द्यावयाचें तें याहून वेगळें नसतें. पुढच्या मृगाला बरणी धुऊन गच्चीवर ठेवावी, वहीचें नवें पान उघडावें, आणि पहिली सर आली कीं घरांतल्या सर्वांना खिडकीशीं हांक मारावी.